गर्दीतली उभी गाडी: वाहनबॉम्ब म्हणजे काय आणि सणाच्या बाजारात तो इतका घातक का ठरतो

10 नोव्हेंबर 2025 रोजी संध्याकाळी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ एका मोटारीत स्फोट झाला. त्यानंतरचे काही दिवस छत्रपती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत चहाच्या टपरीवर एकच विषय होता, आणि त्या बोलण्यात तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येत होते. एका गाडीने एवढी माणसे कशी जातात? तपासणी नसते का? सकाळी एक आकडा आणि संध्याकाळी दुसरा, असे का? ज्याच्या नावावर गाडी होती तो म्हणतो मी विकली, मग खरा मालक कोण? हे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे फारशी अवघडही नाहीत. मात्र बातम्यांच्या गदारोळात ती सलग सांगितली जात नाहीत, म्हणून हा लेख.

समजून घेण्यासाठी मी मुख्यतः बगदादची एक घटना घेणार आहे, कारण या सगळ्या प्रश्नांची उत्तरे तिच्यात एकत्र सापडतात. 2016 सालचा रमजान संपत आला होता आणि ईद तीन दिवसांवर होती. बगदादच्या कर्रादा या पेठेत लोक रोजा सोडून रात्री खरेदीला बाहेर पडले होते, आणि चहा-कॉफीच्या दुकानांत युरोपीय फुटबॉल स्पर्धेचा सामना बघायला तरुणांची गर्दी होती. 3 जुलैला, मध्यरात्र उलटून थोडाच वेळ झालेला असताना, स्फोटके भरलेली एक मालवाहू गाडी तिथे उडवण्यात आली. तीनशेहून अधिक माणसे गेली. इस्लामिक स्टेट या संघटनेने जबाबदारी स्वीकारली.

स्फोट होतो म्हणजे नेमके काय होते?

आमच्या अंबड तालुक्यातल्या शेतात विहीर खोदताना काळा पाषाण लागला, तेव्हा सुरुंगवाल्याला बोलवावे लागले होते. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. सुरुंग भरून झाला की तो माणूस बांधावर उभा राहून तीनदा ओरडायचा, ‘बार हाय रे, लांब सरकाऽ!’ आणि आजोबा मला धरून गोठ्याच्या पलीकडे घेऊन जायचे. आधी पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटायची, मग आवाज यायचा, गोठ्याचे पत्रे थरथरायचे आणि त्यानंतर काही क्षण वरून खडे पडत राहायचे. एकदा बोटाएवढी एक कपची विहिरीपासून बऱ्याच अंतरावरच्या लिंबाच्या खोडात रुतलेली आम्ही पाहिली. आजोबांनी ती उपटून माझ्या हातावर ठेवली. तिच्या कडा ब्लेडसारख्या होत्या.

स्फोटात जे घडते ते सगळे या चित्रात आहे. स्फोटकाचे एका क्षणाच्याही अल्पांशात तापलेल्या वायूत रूपांतर होते, तो वायू भोवतालच्या हवेला ढकलतो आणि हवेचा एक दाबलेला पापुद्रा आवाजापेक्षाही अधिक वेगाने बाहेर धावतो. याला आघातलहर म्हणतात. यात्रेच्या गर्दीत मागून एखादा मोठा रेटा यावा आणि पुढच्या माणसावरून त्याच्या पुढच्यावर जात राहावा, तसे हवेचे होते. लहर पहिल्यांदा शरीरातल्या पोकळ आणि हवा असलेल्या जागांना इजा करते, म्हणजे कानाचे पडदे, फुप्फुसे आणि आतडी. तिच्या पाठोपाठ उडालेल्या वस्तू येतात. विहिरीवर ती दगडाची कपची असते. बाजारात गाडीचा पत्रा, दुकानाचा फलक आणि सर्वांत जास्त म्हणजे काच. त्याशिवाय माणूस स्वतः फेकला जाऊन भिंतीवर आदळतो, आणि शेवटी आग, धूर व कोसळलेले बांधकाम उरते.

अंतर थोडे वाढले तरी आघातलहरीचा जोर फार झपाट्याने कमी होतो. अंतर दुप्पट केले तर दाब निम्मा होईल असे आपल्याला वाटते, पण स्फोटाच्या जवळच्या भागात तो निम्म्याहूनही कितीतरी खाली येतो. सुरुंगवाल्याला हे पुस्तकातून कळलेले नसते, तरी त्याची ‘लांब सरका’ ही हाक याच नियमावर उभी असते. आता याच्या उलट विचार करा. अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंना तीन-तीन मजली इमारती असतील तर लहरीला पसरायला जागा मिळत नाही. आडात ओरडल्यावर आवाज घुमावा तशी ती भिंतींवर आदळून परत येते आणि माणसांना एकाऐवजी अनेक तडाखे बसतात. जुन्या पेठा दाट वस्तीच्या असतात, आणि सणाची खरेदी नेमकी तिथेच होते.

पिशवी किंवा डबा सोडून गाडीच का?

कारण गाडी म्हणजे वजन वाहायचे साधन, आणि ती रस्त्यावर उभी दिसली तर कोणाला त्यात वावगे वाटत नाही. बेवारस पिशवी डोळ्यांत भरते. 29 ऑक्टोबर 2005 रोजी, दिवाळी दोन-तीन दिवसांवर आली असताना, दिल्लीत पहाडगंज, सरोजिनीनगर आणि गोविंदपुरी या भागांत स्फोट होऊन साठहून अधिक लोक मारले गेले. गोविंदपुरीत बसमध्ये बेवारस पिशवी दिसताच चालकाने ती बाहेर टाकली. प्रवासी वाचले, त्याची स्वतःची दृष्टी मात्र गेली. पिशवीच्या बाबतीत एखाद्या सावध माणसाला अशी संधी तरी मिळते. दुकानासमोर लावलेल्या गाडीकडे कोण बघतो?

ही कल्पना नवी नाही. 1920 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर घोडागाडीत ठेवलेला बॉम्ब फुटून अडतीस माणसे गेली होती, म्हणजे मोटारी सर्रास होण्याआधीच वाहनाचा असा वापर झाला होता. मुंबईकरांच्या आणि आपल्याही पिढीच्या मनात 12 मार्च 1993 कायमचा आहे. त्या दिवशी शेअर बाजाराच्या इमारतीपासून सुरू झालेल्या स्फोटमालिकेत 257 लोक मारले गेले आणि त्यांतले अनेक बॉम्ब वाहनांत ठेवलेले होते. 25 ऑगस्ट 2003 रोजी गेट वे ऑफ इंडिया आणि झवेरी बाजार इथे टॅक्सींमधून तेच केले गेले.

सणाचाच दिवस का निवडला जातो?

पहिले कारण उघड आहे: गर्दी. दुसरे कारण असे, की सणाच्या दिवसांत अनोळखी गोष्टी अनोळखी वाटत नाहीत. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवर परजिल्ह्याच्या पाटीची गाडी, रात्री अकराला माल उतरवणारा टेम्पो, फुटपाथवर नव्यानेच बसलेला विक्रेता, हे सगळे आपण गृहीत धरतो. एरवी ज्या गोष्टीकडे दुकानदार मान वळवून पाहील, ती त्या आठवड्यात गिऱ्हाइकांच्या गडबडीत निसटते.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दहशतवादाचा हेतू मारलेल्या माणसांपुरता नसतो, वाचलेल्यांच्या मनात भीती आणि शेजाऱ्याबद्दल संशय पेरणे हाही असतो. ईदेच्या किंवा दिवाळीच्या बाजारात लहान मुलाचे कपडे घेऊन निघालेली आई मारली गेली, की त्या दुःखाला लगेच धर्माचा रंग देणारे लोक तयार असतात. रमजानच्या शेवटच्या दिवसांत मुस्लिमांनीच भरलेल्या कर्राद्यात स्फोट झाला, यावरून तरी लक्षात यावे की बळी पडणाऱ्याचा धर्म बॉम्ब ठेवणाऱ्याला वाचवावासा वाटत नाही.

कर्राद्यात इतकी माणसे का गेली?

गाडीतला बॉम्ब मोठा होता हे खरे, तरी उत्तर तेवढेच नाही. स्फोटाने आग लागली आणि ती रस्त्यालगतच्या खरेदी-संकुलांत शिरली. आत कपडे, प्लास्टिक, अत्तरे असा पेटणारा माल ठासून भरलेला होता. बाहेर पडायला पुरेशा वाटा नव्हत्या. आघातलहरीतून वाचलेली, पायावर उभी असलेली माणसे आत अडकली आणि धुराने व आगीने गेली. अनेक मृतदेहांची ओळख पटवण्यासाठी डीएनए तपासणी करावी लागली.

बॉम्ब कोण ठेवतो यावर सामान्य माणसाचा काही ताबा नसतो. जिन्यावर खोकी ठेवायची की नाही, यावर मात्र असतो. आपल्याकडच्या कापड दुकानांतला मागचा जिना आठवून पाहा: पहिल्या पायरीपासून साड्यांचे गठ्ठे, वरच्या वळणावर जुने पुतळे, आणि मागच्या दाराला चोरीच्या भीतीने आतून कुलूप. त्या कुलपाची किल्ली गल्ल्यात असते आणि गल्ला पुढच्या दारापाशी असतो.

यासाठी बॉम्बचीही गरज नसते. 29 ऑक्टोबर 2016 रोजी, ऐन दिवाळीत, याच शहराच्या औरंगपुऱ्यातल्या जिल्हा परिषद मैदानावर भरलेल्या फटाका बाजाराला आग लागली आणि शंभराहून अधिक दुकाने पाहता पाहता जळाली. मैदान मोकळे होते, लोकांना पळायला चारी दिशा होत्या. तोच माल एखाद्या बंदिस्त संकुलात असता तर काय झाले असते, याचा विचार करताना मला कर्रादा आठवतो.

‘यंत्र लावून प्रत्येक गाडी तपासता येणार नाही का?’

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. त्याच्या उत्तरात एक संतापजनक हकीकत आहे. बगदादच्या नाक्यांवर त्या काळात यंत्रे होती. पिस्तुलासारखी मूठ आणि तिच्यावर इकडून तिकडे फिरणारी धातूची काडी असलेले ‘एडीई 651’ नावाचे उपकरण हातात घेऊन शिपाई गाडीच्या कडेने चालायचा आणि काडी वळली तर गाडी थांबवायचा. इराकने या उपकरणांवर कोट्यवधी डॉलर खर्च केले होते. प्रत्यक्षात त्यांच्यात काहीही शोधू शकेल असा भागच नव्हता. हरवलेला गोल्फचा चेंडू शोधण्याच्या एका गमतीच्या खेळण्यावरून ती बनवली होती. विकणारा ब्रिटिश व्यापारी जेम्स मॅककॉर्मिक याला 2013 मध्ये लंडनच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा ठोठावली, आणि तरीही ही उपकरणे नाक्यांवर वापरली जात राहिली. कर्राद्याच्या स्फोटानंतर पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी ती काढून घेण्याचा आदेश दिला.

मराठवाड्यातल्या वाचकाला ही काडी ओळखीची वाटेल. बोअर पाडण्याआधी पाणाड्या लिंबाची दुबेळकी घेऊन वावरातून फिरतो आणि काडी खाली झुकली की म्हणतो, इथे पाणी. त्याच्या मनात लबाडी नसते. हाताची नकळत होणारी हालचाल काडी हलवते. पाणाड्याची काडी चुकली तर शेतकऱ्याचे लाखभर रुपये कोरड्या बोअरमध्ये जातात, आणि ते दुःख लहान नाही. नाक्यावरची काडी चुकली तर अख्खी पेठ जाते. शिवाय खोटे यंत्र असणे हे यंत्र मुळीच नसण्यापेक्षा वाईट असते, कारण यंत्र हातात आहे म्हणून शिपाई डिकी उघडायला सांगत नाही.

मग खरी यंत्रे आणि प्रशिक्षित श्वान? ते उपयोगी आहेत, परंतु हिशेब पाहा. समजा एका पेठेत दिवसाला दहा हजार वाहने येतात आणि आपल्याकडे असे उत्तम साधन आहे की ते शंभरात एकदाच चुकते. तरीही रोज शंभर निरपराध गाड्यांवर धोक्याची खूण येईल. त्यांतली प्रत्येक रिकामी करून पाहायची तर रस्ता तुंबेल, आणि तुंबलेल्या रस्त्यावरची माणसे हीच नवी गर्दी. आठवडाभर रोज शंभर खोट्या खुणा पाहिलेला शिपाई आठव्या दिवशी खऱ्या खुणेकडेही त्याच थकलेल्या नजरेने पाहणार, यात त्याचा दोष नाही.

म्हणून जगभर तपासणीपेक्षा अंतरावर अधिक भर दिला जातो. गर्दीच्या रस्त्यावर ठरावीक दिवस वाहन येऊच द्यायचे नाही, तोंडाशी भक्कम लोखंडी खांब रोवायचे, वाहनतळ लांब ठेवायचा. दिवाळीत पैठण गेट ते गुलमंडी हा भाग वाहनांना बंद ठेवावा, असे कोणी म्हटले की व्यापाऱ्यांचा विरोध होतो: गिऱ्हाईक येणार नाही, म्हाताऱ्या माणसांनी चालायचे कसे, माल कुठून उतरवायचा? हे आक्षेप खोटे नाहीत. माल पहाटे उतरवणे आणि वृद्धांसाठी लहान गाड्यांची सोय करणे हे त्यांचे उत्तर आहे, पण त्यासाठी पालिकेने आणि व्यापाऱ्यांनी सणाच्या आदल्या दिवशी नव्हे तर दोन महिने आधी बसायला हवे.

आणि यंत्राच्या आधी माणूस असतोच. 1 मे 2010 रोजी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये उभ्या गाडीतून धूर येतोय हे रस्त्यावरच्या फेरीवाल्यांनी पाहिले आणि पोलिसांना सांगितले. तो बॉम्ब फुटला नाही. रोज तिथेच बसणाऱ्या माणसाला नेहमीचे आणि वेगळे यांतला फरक जितका कळतो, तितका दुसऱ्या कोणाला कळणार? आपल्या हातगाडीवाल्यांना पोलिसांशी बोलायची भीती वाटत असेल, तर एक फार मोठा पहारा आपणच गमावला असे मी म्हणेन.

‘मृतांचा आकडा बदलतो, म्हणजे काहीतरी लपवतात?’

बहुतेक वेळा नाही. कर्राद्याच्या पहिल्या सकाळच्या बातम्यांत आकडा ऐंशीच्या आसपास होता आणि काही आठवड्यांत तो तीनशेच्या वर गेला. जखमी वेगवेगळ्या रुग्णालयांत नेले जातात, काही उपचारादरम्यान जातात, ढिगारा उपसायला दिवस लागतात, आणि बेपत्ता माणूस मृत आहे हे ठरवायला ओळख पटावी लागते. कधी आकडा खालीही येतो, कारण एकाच माणसाची नोंद दोन ठिकाणी झालेली असते. पहिल्या दिवसाचा आकडा म्हणजे खळ्यावर मळणी चालू असताना केलेला धान्याचा अंदाज; पोती मापल्यावरच खरे कळते. व्हॉट्सअपवर ‘खरा आकडा वेगळाच आहे’ म्हणून फिरणाऱ्या संदेशाकडे मात्र पोती नसतात आणि मापही नसते.

‘गाडीचा चुराडा झाल्यावर तपास कसा लागतो?’

गाडी पूर्ण नाहीशी होत नाही. तिच्या सांगाड्यावर आणि जाड लोखंडी भागांवर कोरलेले क्रमांक असतात आणि असा एखादा तुकडा सापडतोच. 1995 मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत ट्रकबॉम्बने 168 माणसे मारली गेली. तिथे ट्रकच्या मागच्या आसावरच्या क्रमांकावरून तो कुठून भाड्याने घेतला हे कळले. मुंबईत 1993 मध्ये वरळीला बेवारस सापडलेल्या मारुती व्हॅनच्या नोंदणीवरून पोलीस मेमन कुटुंबापर्यंत पोचले.

इथे आपला संबंध येतो. दिल्लीत लाल किल्ल्याजवळ फुटलेली गाडी अनेक हातांतून गेलेली होती आणि तपास यंत्रणांना ती साखळी एकेक कडीने उलगडावी लागली. आपल्याकडे जुनी गाडी कशी विकली जाते? पैसे मोजून घ्यायचे, गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या कोऱ्या अर्जावर, म्हणजे टीटी फॉर्मवर, सह्या करायच्या, आरसी बुक द्यायचे आणि ‘नाव तुम्ही करून घ्या’ म्हणून सोडून द्यायचे. घेणारा महिनाभरात तिसऱ्याला विकतो. माझी जुनी मोटारसायकल परभणीच्या एका ओळखीच्या माणसाला मी अशीच दिली होती. दोन वर्षांनी, मी कधीही न गेलेल्या गावातल्या सिग्नल तोडल्याच्या दंडाची सूचना माझ्या मोबाइलवर आली. तेव्हा ती कोणाकडे आहे, हे सांगणारे कोणीच उरले नव्हते. कायद्याने विकणाऱ्यानेही आरटीओला कळवायचे असते, राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांच्या आत. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक. विक्रीची पावती, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि नाव बदलल्याची खात्री, एवढे केले तरी साखळीतली आपली कडी उजेडात राहते.

‘हे दिल्ली-मुंबईचे, आपल्याकडे काय होणार?’

30 मार्च 2025 रोजी, ईदेच्या आदल्या पहाटे, गेवराई तालुक्यातल्या अर्धमसला गावी मशिदीत जिलेटिनच्या कांड्यांचा स्फोट करण्यात आला. जीवितहानी झाली नाही आणि दोघांना अटक झाली. ही जिलेटिन म्हणजे आपल्या विहिरींच्या आणि खदानींच्या कामातलीच. तिच्या विक्रीवर, साठ्यावर आणि वाहतुकीवर परवान्याचे बंधन आहे. देशभर ते पाहणाऱ्या ‘पेसो’ या संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. तरी खदानीवरचा साठा आणि नोंदवही यांत फरक पडला तर तो वेळेवर पाहणारा डोळा गावपातळीवरच लागतो. उरलेल्या कांड्या गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवलेल्या मी लहानपणी पाहिल्या आहेत, आणि तेव्हा कोणालाही त्याचे काही वाटत नव्हते.

त्या क्षणी आपण काय करावे?

मोठा आवाज किंवा झगमगाट झाला की माणूस खिडकीशी धावतो. प्रकाश लगेच दिसतो, आघातलहर मागून येते, आणि काच नेमकी बघणाऱ्याच्या तोंडावर फुटते. 4 ऑगस्ट 2020 रोजी बेरुटच्या बंदरात आधी आग दिसली आणि मग महास्फोट झाला. खिडकीतून आग बघणारे किती तरी लोक काचांनी जखमी झाले. म्हणून खिडकीपासून दूर, जाड भिंतीच्या आड जावे. स्फोट झालेल्या जागी चित्रीकरणासाठी थांबू नये, कारण दुसरा स्फोट होऊ शकतो आणि गर्दीमुळे रुग्णवाहिकेची वाट अडते. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. रुतलेली काच उपटू नये. वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाला धाप लागत असेल किंवा ऐकू येत नसेल तर त्यालाही डॉक्टरांकडे न्यावे, कारण फुप्फुसाची इजा बाहेरून दिसत नाही. पोलिसांसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108.

आणि जखमीला घेऊन गेल्यावर दवाखान्यात ‘ही पोलीस केस आहे, आधी पोलीस येऊ द्या’ असे कोणी म्हणाले, तर 1989 च्या परमानंद कटारा खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगावा: दवाखाना सरकारी असो की खासगी, तातडीचे उपचार आधी, कागदपत्रे नंतर. आणणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात संरक्षण आहे ते रस्ते अपघातापुरते, परंतु जखमीचा उपचाराचा हक्क अपघात आणि स्फोट असा भेद करत नाही.